दोन तासांतले वर्ष

सरत्या वर्षाचा हिशेब मांडण्याची ओढ माणसाला फार जुनी आहे. व्यापारी जुनी चोपडी मिटवून नवी उघडतो, वृत्तपत्रे बारा महिन्यांच्या घडामोडींची उजळणी करतात. मराठी वाचकाला तर वार्षिक संग्रहाची विशेष सवय आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वर्षातील निवडक लेखन एका वेष्टनात मिळावे अशी अपेक्षा तो बाळगून आहे. असा संग्रह हाती आला की आपण केवळ त्यातील कथा-कविता वाचत नाही. संपादकाने काय घेतले, काय गाळले, कशानंतर काय ठेवले, हेही नकळत पारखत असतो.

संगीताच्या क्षेत्रातही असे वार्षिक संग्रह निघतात, आणि त्यांनाही संपादक असतो. त्याला डीजे म्हणतात. नेदरलँड्समधील आर्मिन व्हॅन ब्यूरेन हा डीजे 'अ स्टेट ऑफ ट्रान्स' ह्या नावाने २००४ पासून असे संग्रह काढीत आला आहे. ट्रान्स नावाच्या नृत्यसंगीतातील त्या त्या वर्षाच्या रचना निवडून, त्या एकमेकींत गुंफून, अखंड प्रवाहाच्या रूपात तो श्रोत्यांपुढे ठेवतो. हा विषय आमच्या काही वाचकांना परका वाटेल. परंतु त्यांच्या घरातील तरुणांना तो तसा वाटणार नाही, आणि तरुण जे तासन्‌तास कानांत घालून बसतात ते न ऐकताच त्याविषयी मत बनविणे आम्हांस योग्य वाटत नाही. ह्या संगीताभोवतीच्या रात्रीच्या मेळाव्यांत अमली पदार्थांचा जो शिरकाव झाला, त्याचे गांभीर्य आम्ही मुळीच नाकारीत नाही. तथापि तो प्रश्न समाजाचा आणि कायद्याचा आहे. कलाकृतीचे परीक्षण कलाकृती ऐकूनच करावे लागते.

ट्रान्स ह्या शब्दाचा अर्थ तंद्री. हे संगीत १९९०च्या सुमारास युरोपात, विशेषतः जर्मनीतील फ्रँकफर्ट आणि बर्लिन ह्या शहरांत आकारास आले. सिंथेसायझर आणि संगणक ही त्याची वाद्ये. मिनिटाला साधारण १३० ते १४० ठोके, एकसारखे आणि न थांबणारे, हा त्याचा पाया. आणि त्यावर हळूहळू उकलत जाणारी, बहुधा हुरहुर लावणारी धून हा त्याचा प्राण. ह्या कुळाचा एक धागा आपल्याही किनाऱ्याशी जुळलेला आहे. गोव्यातील हणजुणे येथे परदेशी प्रवाशांच्या किनाऱ्यावरील मेळाव्यांतून 'गोवा ट्रान्स' ही स्वतंत्र शैली घडली. १९९४च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड ह्या इंग्रज डीजेने बीबीसी रेडिओवर त्या शैलीवर आधारलेले दोन तासांचे मिश्रण ऐकविले. ते 'गोवा मिक्स' म्हणून आजही ओळखले जाते. २००० साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या एका ट्रान्स-प्रकाशनसंस्थेने तर 'अंजुनाबीट्स' असे नावच धारण केले. युरोपातील मुले हणजुण्याचे नाव घेऊन नाचतात, आणि त्या गावाशी भाषेने व नात्याने जवळ असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना त्याची वार्ता नसते, ही मौजेची गोष्ट आहे. मात्र व्हॅन ब्यूरेनचे संगीत गोव्याच्या शाखेतील नव्हे. ते अधिक धूनप्रधान, अधिक गुळगुळीत, फ्रँकफर्टहून अॅमस्टरडॅमकडे गेलेल्या वाटेवरचे आहे.

संग्रहाकडे वळण्यापूर्वी एका सुट्या रचनेची घडण समजून घेणे आवश्यक आहे, कारण आमचे सर्व म्हणणे त्या घडणीवर उभे आहे. ट्रान्सची संपूर्ण रचना सहसा सहा ते आठ मिनिटांची असते. आरंभी केवळ ताल असतो. त्यात एकेक स्वर, एकेक नाद भर घालीत जातो. मध्यावर ताल अकस्मात थांबतो आणि धून एकटी उरते. ह्या भागाला 'ब्रेकडाउन' म्हणतात. नंतर ताल दुरून परतू लागतो, ताशा तापावा तसा नाद चढत जातो, आणि ऐन टोकाला मूळ ठोका पूर्ण बळाने परत येतो. हजारोंचा समुदाय ह्याच क्षणी हात उंचावतो. ख्याल ऐकणाऱ्या रसिकाला हे अगदीच अनोळखी वाटू नये. गवई आवर्तनभर स्वरांशी खेळतो तेव्हा श्रोत्याचे मन समेकडे लागलेले असते, आणि सम आली की त्याची मान आपोआप डोलते. दोन्ही कलांच्या मोलात अंतर आहे हे आम्ही जाणतो. परंतु आनंदाचे गमक दोन्हींत एकच आहे. सम सुखावते ती तिच्यासाठी वाट पाहिली म्हणून.

ही वाट पाहणे किती काळाचे असते, ह्याचा साधा हिशेब करता येतो. मिनिटाला १३८ ठोक्यांच्या गतीत, चार ठोक्यांचा एक गट धरला तर ३२ गटांच्या ब्रेकडाउनला सुमारे ५६ सेकंद लागतात. त्यापुढे चढाचे १६ गट धरले तर आणखी २८ सेकंद. म्हणजे तालाविना आणि तालाच्या प्रतीक्षेत श्रोता जवळजवळ दीड मिनिट उभा असतो. आणि त्याआधी तीनचार मिनिटे त्याच तालात मुरलेला असतो, म्हणूनच त्या तालाचे जाणे त्याला जाणवते. हे आकडे पुढे उपयोगी पडतील.

आता डीजेच्या कामाविषयी. तो स्वतः काही वाजवीत नाही, दुसऱ्यांच्या रचना लावतो, मग त्यात कला ती कोणती, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर हार गुंफणाऱ्याजवळ आहे. फुले तो निर्माण करीत नाही, पण शेवंतीशेजारी काय शोभेल हे त्याला कळते. दोन रचनांच्या गती एकमेकींशी तंतोतंत जुळवाव्या लागतात. पहिलीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ काही काळ एकत्र वाजतात, तेव्हा त्यांचे स्वर परस्परांशी भांडणार नाहीत हे पाहावे लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे, ऐकणाऱ्याच्या मनाचा चढउतार ओळखून क्रम लावावा लागतो. ही कला तबकडीवर उतरविण्याचा प्रघात १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजला. साशा आणि जॉन डिग्वीड ह्या जोडीने १९९४ साली 'रेनेसान्स : द मिक्स कलेक्शन' हा तीन तबकड्यांचा संग्रह सिद्ध केला, आणि मिश्रण ही घरी बसून लक्षपूर्वक ऐकण्याची वस्तू होऊ शकते हे दाखवून दिले. नेदरलँड्समधील टिएस्टो ह्याने १९९९ पासून 'इन सर्च ऑफ सनराइज' ही मालिका चालविली. व्हॅन ब्यूरेन ह्याच परंपरेचा वारस आहे.

हा गृहस्थ १९७६ साली लायडन येथे जन्मला आणि तेथील विद्यापीठातून कायद्याचा पदवीधर झाला. २००१ मध्ये त्याने 'अ स्टेट ऑफ ट्रान्स' हा दोन तासांचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम आरंभिला. त्याचे भाग क्रमाने मोजले जातात. २०२१च्या आरंभी हजारावा भाग झाला, आणि कार्यक्रम पुढेही चालूच राहिला. आठवड्यामागून आठवडे, वीस वर्षांहून अधिक काळ, नव्या रचना ऐकून त्यांतील निवडक श्रोत्यांपुढे ठेवणे हे कष्टाचे काम आहे. नियतकालिक चालविणाऱ्या कोणालाही त्या सातत्याचे मोल पटेल.

ह्या साप्ताहिक निवडीतून दोन प्रकारचे वार्षिक संग्रह निपजले. दोहोंची गल्लत करून चालणार नाही. पहिला म्हणजे वर्षाचा नाव धारण करणारा मूळ संग्रह, 'अ स्टेट ऑफ ट्रान्स २००४' आणि त्याचे पुढील भाऊ. ह्यात बहुधा दोन तबकड्या असतात. आरंभीच्या संग्रहांत त्यांची वाटणी उजळ आणि काळोखी अशा दोन अंगांनी केलेली होती. पुढे अनेक वर्षे 'समुद्रकिनारी' आणि 'नृत्यगृहात' अशा अर्थाची इंग्रजी नावे त्यांना मिळाली. ही वाटणी वरकरणी विक्रीची युक्ती भासेल, परंतु तिच्यात संपादकीय विचार आहे. पहिली तबकडी सैल, स्वरांना मोकळे सोडणारी. दुसरी गतिमान आणि ठाम. एकाच वर्षाची दोन मुखे श्रोत्याला दिसतात. प्रत्येक तबकडीवर साधारण पंधराच्या आसपास रचना असल्याने प्रत्येकीला पाचेक मिनिटे लाभतात. तेवढ्यात ती रुजते, फुलते आणि दुसरीच्या हाती सूत्र देऊन जाते. ह्या संग्रहांतील उत्तम जोड ऐकताना एक रचना कोठे संपली हे सांगता येत नाही. ती संपली हे मात्र पुढची ऐन भरात आल्यावर कळते. आमच्या मते ह्या मालिकेचे खरे यश ह्या जोडांत आहे.

दुसरा प्रकार 'इयर मिक्स' हा होय. वर्षाच्या अखेरीस, त्या वर्षी रेडिओवर गाजलेल्या रचनांचा हा गोषवारा रेडिओवरून ऐकविला जातो आणि तबकड्यांच्या रूपाने विकलाही जातो. प्रारंभी आणि शेवटी बोललेल्या शब्दांचा लहानसा प्रवेश असतो, आणि मध्ये रचनांची रांग. ह्या रांगेची लांबी पाहिली की छाती दडपते. दोन तासांत सत्तर रचना बसवायच्या म्हटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पावणेदोन मिनिटेही येत नाहीत. मघाशी आपण हिशेब केला होता : केवळ ब्रेकडाउन आणि त्यानंतरचा चढ ह्यांनाच जवळजवळ दीड मिनिट लागते. मग संपादकाने काय करावे? प्रतीक्षा ठेवावी तर तिच्याआधीचा मुरण्याचा काळ आणि तिच्यानंतरचा आनंद गाळावा लागतो. आनंद ठेवावा तर प्रतीक्षा कापावी लागते. 'इयर मिक्स'ने बहुतांशी दुसरा मार्ग पत्करला आहे. धून ओळखीची होते न होते तोच टोक येते, आणि टोकाचा नाद विरण्यापूर्वी पुढच्या रचनेची धून कानावर आदळते.

ह्यात कौशल्य नाही असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना कौशल्याच्या दृष्टीने 'इयर मिक्स' मूळ संग्रहाहून वरचढ आहे. एकीचा गळा दुसरीच्या धुनेवर बसविलेला असतो, दोन रचनांचे स्वर इतके नेमके जुळविलेले असतात की त्या एकाच हातून उतरल्या असाव्यात असे वाटते. परंतु ऐकून झाल्यावर मनात काय उरते? पहिल्या वीस मिनिटांत अंगावर शहारा येतो. चाळीस मिनिटांनंतर शहारा येण्याचे थांबते. तासाभराने टोक आले काय आणि न आले काय, सारखेच. दररोज सण असेल तर सणाचे पक्वान्नही रोजचे जेवण होते. ज्या संगीताने तंद्री लावावी, तेच येथे तंद्री लागू देत नाही, कारण तंद्रीला जो एकसुरी, मंद, वरवर कंटाळवाणा अवकाश लागतो, तोच कात्रीखाली गेलेला असतो.

ह्या मताविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार न करणे अन्यायाचे होईल.

पहिला आक्षेप असा की, 'इयर मिक्स' नवख्या श्रोत्यासाठी नाहीच. जो वर्षभर दर आठवड्याला कार्यक्रम ऐकत आला, त्याच्यासाठी ती आठवणींची माळ आहे. त्याला प्रत्येक रचना पूर्ण ठाऊक असते. दोन मिनिटांचा तुकडा ऐकताच उरलेली सहा मिनिटे त्याच्या मनात आपोआप वाजतात, आणि त्यांच्याबरोबर ती प्रथम ऐकली तो प्रवास, तो ऋतू, तो सोबती आठवतो. हा युक्तिवाद आम्हांस बव्हंशी मान्य आहे. घरातील वडीलधारे छायाचित्रांचा संग्रह भराभर उलटतात ते ह्याचसाठी. त्यांना चित्रे पाहायची नसतात, दिवस आठवायचे असतात. पण ह्यातून जे निष्पन्न होते तेही स्वीकारावे लागेल. गोषवारा तेव्हाच अर्थपूर्ण ठरतो जेव्हा मूळ ग्रंथ वाचलेला असतो. मूळ न वाचता गोषवाराच वाचणाऱ्याच्या हाती माहिती येते, अनुभव येत नाही. आज रचना विकत न घेता प्रवाहातून ऐकण्याची सोय झाली आहे, बोटाच्या स्पर्शाने पुढे सरकता येते, आणि मूळ कार्यक्रमाची बावन्न आठवड्यांची बैठक न मारता थेट डिसेंबरचा गोषवारा ऐकणारे श्रोते निर्माण होणे स्वाभाविक आहे. त्यांना हा संग्रह आठवण म्हणून मिळत नाही, पर्याय म्हणून मिळतो.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. रुची बदलते, गती बदलते, लहान रचनांचे युग आहे, आणि संपादकाने युगाबरोबर चालले पाहिजे. वस्तुतः व्हॅन ब्यूरेनला हा ताण चांगलाच ठाऊक असावा. ट्रान्सची गती मंदावत चालली, इतर लोकप्रिय नृत्यसंगीत त्यात मिसळू लागले, अशी जुन्या श्रोत्यांची तक्रार वाढली, तेव्हा २०१३ मध्ये त्याने '१३८ला कोण भितो?' अशा अर्थाच्या नावाची रचना प्रसिद्ध केली, आणि त्याच नावाची उपशाखाही आपल्या संस्थेत उघडली, ती जुन्या वेगवान शैलीसाठी. परंतु ह्यात आम्हांस एक चूक दिसते. ठोक्यांची संख्या १३८ ठेवल्याने जुने संगीत परत येत नाही. जे हरवले ते मिनिटातील ठोक्यांत नव्हते, रचनेतील मिनिटांत होते. वेग राखला आणि अवकाश गमावला, तर उरते ती धावपळ.

संपादकाच्या निष्पक्षतेचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. 'आर्माडा म्युझिक' ही प्रकाशनसंस्था २००३ साली आर्मिन, मायकेल पिरॉन आणि डेव्हिड लुईस ह्या तिघांनी स्थापिली. तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून संस्थेचे नाव बनले. म्हणजे रचना निवडणारा, त्या रेडिओवर वाजविणारा, वर्षाचा संग्रह काढणारा आणि त्यांपैकी अनेक रचनांचा प्रकाशक, हे सारे एकच. शिवाय तो स्वतः रचनाकारही आहे, आणि 'गाया' ह्या टोपणनावानेही त्याने रचना केल्या आहेत. दिवाळी अंकाच्या संपादकाने आपलीच कथा आणि आपल्याच प्रकाशनाची पुस्तके पुढे केली, तर वाचक भुवया उंचावील. येथे अप्रामाणिकपणा झाला असे आम्ही म्हणत नाही. वर्षातील सर्वोत्तम रचनेसाठी श्रोत्यांचे मत घेण्याची प्रथा कार्यक्रमात आहे, ही जमेची बाजू होय. इतकेच सुचवावयाचे की, 'वर्षाचे ट्रान्स' म्हणून जे आपल्यापुढे येते ते एका घराच्या खिडकीतून दिसलेले वर्ष आहे. खिडकी मोठी आहे, काच स्वच्छ आहे, तरी ती खिडकीच.

ह्या संगीताच्या बाजूने बोलणारी एक साक्ष आम्हांस मोलाची वाटते. अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बर ह्याची तंतुवाद्यांसाठीची 'अडाजिओ' ही रचना १९३८ साली वाद्यवृंदाने प्रथम सादर केली. १९६७ मध्ये बार्बरने स्वतःच तीच स्वररचना गायकवृंदासाठी 'आग्नुस देई' ह्या उपासनेतील लॅटिन शब्दांवर बसविली. पुढे विल्यम ऑर्बिटच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीला फेरी कॉर्स्टनने १९९९ मध्ये ट्रान्सचे रूप दिले, आणि काही वर्षांनी टिएस्टोनेही तीच धून नृत्यगृहात नेली. विटंबना झाली, असे काहींना वाटेल. आम्हांस मात्र त्यात एक तर्कसंगती दिसते. बार्बरची धून पायरी पायरीने वर चढते, एका असह्य उंचीवर पोहोचते आणि तेथे थांबते. मग निःशब्द शांतता. ट्रान्सच्या रचनाकारांना तिच्यात आपलीच घडण दिसली असावी. फरक एवढाच की बार्बर त्या शांततेनंतर श्रोत्याला काहीही बक्षीस देत नाही, पुन्हा हळुवार आरंभाकडे नेतो. आणि ट्रान्स मात्र शांततेनंतर ठोका परत देते. देवाच्या कोकराला दयेची याचना करणारे शब्द त्याच स्वरांवर बसले ह्याचे कारणही तेच असावे. याचना करणाऱ्याला थांबता यावे लागते. शब्द असोत वा नसोत, ह्या स्वरांनी माणसाला थांबावयास लावले आहे. हे सामर्थ्य ज्या कलेने ओळखले, तिला केवळ गोंगाट म्हणून धुडकावता येणार नाही.

म्हणूनच 'इयर मिक्स'विषयीचा आमचा असमाधानाचा सूर ट्रान्सविरुद्ध नाही, ट्रान्सच्या वतीने आहे. जी कला दीड मिनिटांच्या रित्या जागेवर उभी आहे, तिच्याच सर्वांत प्रसिद्ध संपादकाने वर्षाच्या अखेरीस ती जागा भरून टाकावी, ही खंत आहे. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. गोषवाऱ्याची भूक सर्वत्र वाढली आहे. ग्रंथाऐवजी सार, प्रवासाऐवजी छायाचित्रे, भेटीऐवजी निरोप. तरुणांना अधीर म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना अधीर करणाऱ्या वस्तू वडीलधाऱ्यांच्याच दुकानांत तयार होतात.

तर मग ऐकणाऱ्याने काय करावे? आमची सूचना साधी आहे. 'इयर मिक्स' टाकून देऊ नये. तिचा उपयोग अनुक्रमणिकेसारखा करावा. तिच्यातील एखादा तुकडा मनाला भिडला, तर ती रचना शोधून काढावी आणि आरंभापासून शेवटपर्यंत, मध्ये कोठेही न सरकता, एकदा ऐकावी. पहिली दोन मिनिटे रिकामी वाटतील. तेथे केवळ ताल असेल, काही घडणार नाही. तरी थांबावे. मूळ वार्षिक संग्रहांपैकी आरंभीच्या वर्षांचा एखादा मिळाल्यास त्याची पहिली तबकडी रात्रीच्या निवांत वेळी सलग ऐकावी. ज्या घरांत तरुण मुले आहेत, तेथील आईवडिलांनी एखाद्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून ऐकले तरी बिघडणार नाही. मते जुळतीलच असे नाही, पण वाद घालण्यापुरती समान माहिती तरी दोघांजवळ राहील.

संग्रह सिद्ध करणाऱ्याला वर्षाचे सारे काही देता येत नाही. कशाला किती वेळ द्यावा, एवढेच त्याच्या हाती असते. मूळ संग्रहांत व्हॅन ब्यूरेनने तीस रचनांना पुरेसा वेळ दिला, आणि त्या आजही ऐकाव्याशा वाटतात. गोषवाऱ्यात त्याने सत्तरांना हजेरी लावू दिली, आणि त्यांतील फारच थोड्यांचा चेहरा ध्यानात राहतो. पुढील डिसेंबरात त्याने संख्या निम्म्यावर आणावी. वर्ष तेवढ्यातही मावेल.